तुम्ही विचारलंत म्हणून: क्षमा शिकवणारे भरपाई का मागतात?

हवामान परिषदेचा विषय निघाला की ठरलेला प्रश्न येतो: "तुमचा ख्रिस्ती धर्म क्षमा शिकवतो. मग हवामानबदलाच्या नुकसानीची श्रीमंत देशांकडे भरपाई कसली मागता? मदत मागा."

बायबलातल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं (लूक 19:8). पहिलं दान, दुसरी फेड. येशूने त्याला आधीच स्वीकारलं होतं, तरी फेड टळली नाही.

वाटाघाटींत नेमकी ही फेडच पुसली जाते. 2015 साली पॅरिस हवामान करारात 'लॉस अँड डॅमेज'ला, म्हणजे हवामानबदलाने होणाऱ्या हानीला, स्वतंत्र कलम मिळालं, आठवं. बेटांवरच्या देशांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला होता. पण करारासोबतच्या निर्णयात, परिच्छेद 51 मध्ये, अमेरिकेच्या आग्रहाने लिहिलं गेलं की या कलमातून दायित्व किंवा भरपाईला आधार मिळत नाही. 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत या हानीसाठी निधी मंजूर झाला, 2023 मध्ये दुबईत सुरू झाला, आणि तिथेही तीच अट: हे सहकार्य आहे, भरपाई नव्हे. म्हणून कोणी किती द्यायचं हे देणाऱ्याच्या मर्जीवर. दुबईत अमेरिकेने कबूल केले 1 कोटी 75 लाख डॉलर. गरीब देशांना मिळणारा एरवीचा हवामाननिधी तरी काय? 2022 मध्ये त्यातल्या श्रीमंत देशांच्या सरकारी पैशातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग कर्जाचा होता. ज्याचं घर वादळाने नेलं त्याच्याच देशाने हप्ते भरायचे! याला मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हवामानाविषयीचा कर्तव्यभंग झाल्यास पूर्ण भरपाई देय होऊ शकते. मात्र ते मत सल्लागारी आहे, आणि कृती व नुकसान यांचा पुरेसा थेट संबंध सिद्ध करावा लागतो. एखाद्या चक्रीवादळाचा एखाद्या देशाच्या धुराशी असा संबंध जोडणं फार अवघड.

पूर्वी मीच म्हणत असे, कर्जमाफी झाली की पुरे, बायबलातल्या योबेल वर्षासारखी, म्हणजे दर पन्नासाव्या, सुटकेच्या वर्षासारखी. पण बायबलच्या लेवीय पुस्तकात, अध्याय 25 मध्ये, जमीनही मूळ कुटुंबाकडे परतते. बुडालेलं बेट कसं परतणार?

आणि आपण? 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाचा वापर 'संपवणे'ऐवजी 'कमी करणे' हा शब्द भारताने मांडला. फिजी आणि मार्शल बेटांनी उघड नाराजी व्यक्त केली. आपलं दरडोई उत्सर्जन कमी आहे, हे उत्तर मीही देतो. मार्शल बेटांवरच्या ख्रिस्ती भावंडांपुढे मात्र ते मला अपुरं वाटतं.