‘तसंच दुसरं द्या’ : तालिकेतून वाचकाचं पुस्तक शोधताना

देवघेवीच्या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मागच्या वेळी नेलं होतं ना, तसंच दुसरं द्या." लेखकाचं नाव सांगणारे थोडे. आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगणकावर कोहा ही वाचनालयाची प्रणाली आहे. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते तिच्यातली तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची, चोख सांगते. ‘तसंच’ म्हणजे कसं, हे मात्र आपण तिच्यात भरलेलं असेल तरच बाहेर येतं.

आधी दोन प्रश्न विचारून घ्यायचे.

"गुरुजी, अलीकडे कुठलं पुस्तक पटकन संपलं?"
"ती बंगालीतून आलेली कादंबरी. दोन दिवसांत उरकली."
"आणि अर्धवट कुठलं परत केलंत?"
"ते जाडजूड ऐतिहासिक. माणसांची नावंच लक्षात राहीनात."

"काय हवंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "काहीही चांगलं." अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचा प्रश्न जास्त कामाचा, काय द्यायचं नाही ते कळतं. मग संपलेल्या पुस्तकाची नोंद उघडायची आणि तिच्यातून पुढे जायचं. गुरुजींच्या बाबतीत पहिला धागा अनुवादकाचा. मराठीत अनुवादित कादंबरी आवडणारा वाचक पुष्कळदा त्या अनुवादकाच्या भाषेला सरावलेला असतो. म्हणून अनुवादकाचं नाव 700 मध्ये न चुकता हवं (नोंदीतल्या प्रत्येक रकान्याला असा ठरलेला क्रमांक असतो; 700 हा लेखकाव्यतिरिक्त इतर नावांचा). आमच्याकडे ते नुसतं शीर्षकाच्या ओळीत, 245 च्या शेवटी होतं. त्यामुळे नावावर क्लिक करून त्याची बाकीची पुस्तकं निघत नव्हती.

इथे कपाटाचा काही उपयोग नाही. ड्यूईत, म्हणजे क्रमांक देऊन पुस्तकं कपाटात लावण्याच्या पद्धतीत, अनुवाद मूळ भाषेकडे जातो. मराठी कादंबरी 891.463, बंगाली 891.443, कन्नड थेट 894.8143, इंग्रजी 823. एकाच वाचकाची चार पुस्तकं चार ठिकाणी. 041 या भाषेच्या रकान्यात मूळ भाषेचा कोड भरला की ‘मराठीत, पण मूळ बंगाली’ एवढीच यादी काढता येते.

दुसरा धागा टोपणनावांचा, आणि कोकणात हा विसरून चालत नाही. वेंगुर्ल्याकडच्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता आरती प्रभू या नावाने, कादंबऱ्या आणि नाटकं खानोलकर या नावाने. कुसुमाग्रज आणि शिरवाडकरांचं तेच. आम्ही सुरुवातीला एक नाव दुसऱ्या नावाच्या अधिकृत नोंदीत (नावाचं ठरलेलं रूप सांगणारी वेगळी नोंद) 400 मध्ये टाकलं, म्हणजे ‘हे नाही, ते पाहा’. ते चुकलं, कारण दोन्ही नावांनी पुस्तकं छापलेली आहेत. दोन्ही नावांच्या स्वतंत्र अधिकृत नोंदी करायच्या आणि 500 ने एकमेकींना जोडायच्या. मग आरती प्रभूंचा संग्रह परत करणाऱ्याला ‘हेही पाहा’ म्हणून खानोलकरांच्या कादंबऱ्या दिसतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका ‘ऱ्या’ने. शीर्षकात ‘किनाऱ्यावर’ शब्द आहे, पुस्तक कपाटात डोळ्यांसमोर आहे आणि शोधलं की शून्य. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा जोडचिन्हाचा कोड आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. कोहात शोधासाठी झेब्रा हे इंजिन वापरत असाल तर देवनागरीसाठी आयसीयू (युनिकोडमधल्या लिप्या हाताळणारी पद्धत) अनुक्रमण, म्हणजे शोधासाठी शब्दांची सूची बनवणं, चालू हवं. त्याच्या नियमांच्या फाइलीत एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करणारी ओळ घालता येते. घातल्यावर पूर्ण अनुक्रमण पुन्हा चालवायचं, नाहीतर जुन्या नोंदी जुन्याच राहतात. लेखकांच्या आद्याक्षरांमधल्या जागेचा घोळ वेगळा: ‘पु.ल.’ आणि ‘पु. ल.’. तिथे अधिकृत नोंद निवडूनच भरायची, हाताने टंकायचंच नाही.

हे निस्तरल्यावर खुणांचं काम. पुस्तकाचा प्रकार सांगणाऱ्या 655 या रकान्यात आम्ही बाराच शब्द ठरवले: विनोदी, रहस्य, भूतकथा, कोकणातलं, मालवणी संवाद, शिकारकथा, गावगाडा असे. कोहात ही यादी ठरावीक मूल्यांची करून त्या रकान्याला जोडली की निवडीची पट्टी येते. मोकळा रकाना ठेवलात तर आठवड्याभरात ‘विनोदी’, ‘विनोद’, ‘हलकंफुलकं’ आणि ‘हलके-फुलके’ असे चार वेगळे ढीग होतात. ‘मोठा टाइप’ ही खूण आधी सुचली नव्हती. आज आजी-आजोबांसाठी तीच सर्वाधिक लागते. ‘एका बैठकीचं’ अशी खूण मात्र लावू नका. 300 मध्ये पानं लिहिलेली असतातच, दीडशेच्या आतली निवडायची.

520 या सारांशाच्या रकान्यात दोन वाक्यं, बस्स. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवायचा नाही, तिथे प्रत्येक पुस्तक ‘अंतर्मुख करणारं’च असतं. वेग कसा, माणसं किती, शेवट गोड की कडू, बोली किती, एवढं लिहा. एका नोंदीला सात-आठ मिनिटं जातात, म्हणून सगळा संग्रह हाती घेऊ नये. जास्त देवघेव झालेल्या पुस्तकांचा अहवाल काढून तिथून सुरुवात करावी. नंतर एकदाही बाहेर न गेलेल्यांचा. त्यात फक्त खूण नसल्यामुळे पडून राहिलेली चांगली पुस्तकं सापडतात.

सुचवताना तीन पुस्तकं सुचवावीत आणि निदान एक त्या क्षणी हातात द्यावं. ‘उपलब्ध’ दिसतं पण कपाटात नाही, असं नेहमी होतं. आधी उठून बघावं, मग बोलावं. आणि अमक्या वहिनींनी काय नेलं होतं हे तमक्या काकूंना उदाहरण म्हणूनही सांगू नये. गाव लहान असतं.

पावसाळ्यात वाचक वाढतात आणि वीज जाते. म्हणून मे अखेरीस प्रत्येक खुणेची यादी छापून प्लास्टिकच्या फाइलीत ठेवतो. उघड्या कागदाला इथे जुलैपर्यंत बुरशी धरते, आणि खळीने चिकटवलेलं काही असेल तर कसर सोडत नाही.

खूण चुकली हे परत आलेलं पुस्तक सांगतं. वाचक तोंडावर "बरं होतं" म्हणतात, पण आत एसटीचं तिकीट राहिलेलं असतं. एका ‘विनोदी’ पुस्तकात दोन वेगवेगळ्या वाचकांची तिकिटं चाळिसाव्या पानाच्या आसपासच सापडली. वाचून पाहिलं, तर तिथून पुढे विनोद संपून आजारपण सुरू होत होतं. 655 मधली खूण काढली, 520 मध्ये ‘पहिली चाळीस पानं हसवतं, पुढे गंभीर’ असं लिहिलं.