तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर कशाला?

कंकोत्रीचं (लग्नपत्रिकेचं) प्रूफ बघायला आलेला माणूस आधी माझ्या स्क्रीनकडे बघतो. "ताई, हे जुनं विंडोज, एक्सपी ना? अजून?" भाचा विचारतो, झेरॉक्सवाला विचारतो, कागद टाकायला येणारा पोरगासुद्धा विचारतो. नवं मशीन घेतलंत, विंडोज १० आहे, मग त्याच्या आत ही हिरव्या टेकडीची खिडकी कशाला? इतकी वर्षं मी "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. आज नीट सांगते.

बडोद्यात, दांडिया बाजारात, मी सव्वीस वर्षं मराठी-गुजराती अक्षरजुळणी करते. २०१७पर्यंतचं माझं सगळं काम युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या पावसाळ्यात जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला आणि नवा कॉम्प्युटर आला तो ६४-बिट, म्हणजे १६- आणि ३२-बिटच्या पुढच्या पिढीचा. पानं लावायच्या सॉफ्टवेअरची सीडी घातली, तर सेटअप पहिल्याच पायरीला अडला. त्या काळी आतलं सॉफ्टवेअर ३२-बिट असलं तरी सेटअप पुष्कळदा १६-बिट असे, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट काही चालवतच नाही. लिपीचं सॉफ्टवेअर कसंबसं बसलं, पण डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावावी लागणारी छोटी किल्ली, ओळखेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम, ३२-बिट, आणि इथे ड्रायव्हर ६४-बिटच लागतो. कम्पॅटिबिलिटीचे सगळे पर्याय करून पाहिले. आठ दिवस गेले.

त्याच आठवड्यात रावपुऱ्यातले एक काका आले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक मीच २००६ साली लावलं होतं. आता पत्नीच्या वर्षश्राद्धाला दुसरी आवृत्ती वाटायची होती, तीनशे प्रती. काकूंचं नाव उर्मिला. मी म्हटलं, होऊन जाईल. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला, युनिकोड झाला, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली. पहिली दोन प्रकरणं वाचली, ठीक वाटली. काकांनी पहिल्या आवृत्तीचं प्रूफ स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं, मजकूर तोच, मग पुन्हा कशाला वाचायचा? हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणाचं नाही.

प्रती घेऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काका परत आले. खुर्चीत बसले, पान ६१ उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ही कोण?"

तिथे छापलं होतं, उमला.

मी पान उलटलं. उमला. पुढच्या पानावर चार वेळा उमला. लग्नाच्या प्रकरणापासून शेवटपर्यंत. मग डोळ्यांना बाकीचंही दिसायला लागलं: धार्मिकचं धामक, निर्मितीचं निमती, आर्थिकचं आथक. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर, आणि दोन्ही एकत्र आले की माझ्या फॉन्टमध्ये त्यांचं एक वेगळंच जोडचिन्ह होतं. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ते नव्हतं. त्याने काहीही न सांगता ते गाळून टाकलं. पहिली दोन प्रकरणं काकांच्या लहानपणाची, त्यांत असे शब्द दोन-तीनच, आणि ते माझ्या नजरेतून सुटले.

श्राद्ध तीन दिवसांवर. पुन्हा छापून बांधून देणं शक्य नव्हतं. काकांनी माझ्याकडून काळं पेन मागून घेतलं आणि तिथेच बसून एका प्रतीत वेलांटी आणि रफार काढायला सुरुवात केली. म आणि उ यांच्यामध्ये जागाच नव्हती, वेलांटीची दांडी उ-वर चढत होती. मी दुसरी प्रत घेतली. दुपारपर्यंत अकरा प्रती झाल्या. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, मी त्यानंतर शिकले. त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असलेली त्याची सोय (व्हर्च्युअलायझेशन) सुरू केली, ५१२ एमबी रॅम देऊन माझ्याच जुन्या सीडीवरून एक्सपी चढवलं. डोंगल यूएसबीतून थेट आतल्या मशीनला दिलं. बाहेरच्या विंडोजला ते ओळखावंच लागत नाही, ड्रायव्हर आत असतो. दोन्ही सेटअप एका दुपारी झाले. प्रत्येक पायरीआधी स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या मशीनची त्या घडीची जशीच्या तशी नोंद, घेत गेले, बिघडलं की मागे. २००६ची फाइल उघडली. पान ६१. उर्मिला, वेलांटी-रफारासकट. त्या रात्री मी खूप रडले. माझ्या खर्चाने तीनशे प्रती पुन्हा छापल्या. काकांनी त्या घेतल्या, पण वाटलेल्या परत मागायला ते कुणाकडे गेले नाहीत.

तुम्ही म्हणता, एक्सपी धोक्याचं आहे, सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. मान्य. म्हणून आतल्या मशीनचं नेटवर्क मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलंय, फाइल शेअर्ड फोल्डरमधून ये-जा करते. तुम्ही म्हणता, जुन्याला चिकटून राहू नये. २०१७च्या जूनमध्ये मीही हेच म्हणायचे, अगदी ठासून, आणि त्याच घाईत मी तो मजकूर न वाचता छापायला दिला. पण तेव्हाची मी पूर्ण चुकीची होते असंही आज म्हणवत नाही. भाचा म्हणतो, मावशी, सगळं एकदाचं युनिकोडमध्ये आण, हे आतलं मशीन म्हणजे नुसती मुदतवाढ आहे. तो बरोबर आहे. मशीनची फाइल मी दोन डिस्कवर ठेवू शकते, डोंगलची कॉपी होत नाही. ते एकच आहे.

म्हणून आता रोज संध्याकाळी एक फाइल काढते. आतल्या मशीनमधून जुनं पान छापते, बाहेर युनिकोड केलेलं छापते, दोन्ही शेजारी ठेवते आणि पट्टी सरकवत ओळ-ओळ वाचते. आतापर्यंत ४३ फाइल झाल्या. कपाटात अजून सहाशेच्या वर आहेत. काल एका भजनसंग्रहात "मार्मिक" सापडला. डावीकडे नीट होता, उजवीकडे नव्हता.