स्ट्रॉबेरीसाठी गेलो आणि

शाळेत दर शनिवारी एका पुस्तकाचा सारांश लिहून द्यावा लागे, आणि मी तो मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढत असे. त्यामुळे पुस्तक म्हटले की मला वयाच्या तिशीपर्यंत लाल शाईच्या शेऱ्यांचीच आठवण येई. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच्या भिलार गावी गेलो, ते केवळ स्ट्रॉबेरी खाण्यासाठी. हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते, हे मला पत्नीने गाडीत सांगितले, आणि खरे सांगायचे तर माझा चेहरा पडला.

वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली असली, तरी तिथे मुख्यतः पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारमध्ये मात्र गावकऱ्यांनी राहत्या घरांतल्या खोल्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या आणि घराघरांत वेगवेगळा साहित्यप्रकार मांडला. एका घराच्या पडवीत, आतून फोडणीचा वास येत असताना, मी जुना दिवाळी अंक उचलला, तो निव्वळ व्यंगचित्रे पाहण्यासाठी. दोन पाने उलटल्यावर एका कथेत असा गुंतलो की शेजारच्या द्रोणातल्या स्ट्रॉबेऱ्यांना पाणी सुटले, तरी माझे लक्ष नव्हते. सारांश कोणी मागणार नव्हते, हेच बहुधा खरे कारण असावे.

आता लोकलच्या गर्दीत पान उलटणे अशक्य असल्याने मी कादंबऱ्या कानात ऐकतो. त्याला वाचन म्हणावे की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.