शोकसभेत मी का बोलले नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर हा विषय मी होऊन काढला नसता. ७ जुलै आणि ११ डिसेंबर, दिलीपकुमारच्या जाण्याचा दिवस आणि जन्माचा दिवस, असा वर्षातून दोनदा हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कुणी फोनवर विचारतं, कुणी बिटको चौकात भाजी घेताना गाठतं. ‘बाई, तुम्ही दिलीपकुमारच्या एवढ्या भक्त. कात्रणांच्या वह्या काय, बाहेरच्या खोलीत फोटो काय. आणि तो गेला तेव्हा देवळाली कॅम्पातल्या शोकसभेत मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहिलात. नाव पुकारलं तरी उठला नाहीत. का?’

आजवर मी निरनिराळी उत्तरं दिली. घसा बसला होता, हे एक. अण्णा, माझा थोरला भाऊ, त्याच एप्रिलमध्ये करोनात गेला होता, हे दुसरं. दुसऱ्या उत्तरावर लोक मान हलवतात आणि पुढे विचारत नाहीत, म्हणून तेच जास्त वापरलं. खोटं नाही ते. पण ते कारणही नाही.

सभा वाईट झाली असं मी कधीच म्हटलेलं नाही. तसं म्हटल्याचं मला ऐकवलं गेलं, म्हणून आधीच सांगते. निर्बंध नुकते सैल झाले होते, खुर्च्या लांब लांब होत्या, तोंडाला मास्क. लोक मनापासून बोलले. तो बार्न्स स्कूलला शिकला, वडिलांचा फळांचा व्यापार होता, आईवडिलांच्या कबरी इथेच देवळालीत आहेत, हे सगळं आलं. एका वक्त्याने तर १९४४ सालच्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके नाशकात वारले आणि त्याच वर्षी दिलीपकुमारचा पहिला चित्रपट ‘ज्वार भाटा’ आला, म्हणजे नाशिकनेच वारसा पुढे दिला, अशी सांगड घातली. टाळ्या पडल्या. सन बरोबर होते. पण ‘ज्वार भाटा’ आपटला होता, आणि त्या साली या पोराच्या हाती कुणी काही वारसा दिलाय हे खुद्द त्यालाही माहीत नसणार. असो. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपल्या गावाला जरा पुढची खुर्ची द्यायची, ही रीतच आहे.

माझ्याकडे बोलायला काही नव्हतं असं समजू नका. ‘मशाल’मध्ये रात्रीच्या रस्त्यावर बायको मरत असताना तो गाड्या थांबवायला धावतो, त्यावर मी अर्धा तास बोलू शकते. आयुष्यभर ज्याने आवाज खाली ठेवून काम केलं, तो तिथे ओरडतो, आणि ओरडताना त्याचा आवाज फुटतो, घाण होतो. दुसरा नट तो आवाज सांभाळून वापरता. ‘शक्ती’तल्या बापावर बोलले असते. हे बघायला मला शिकवलं अण्णानेच. भगूरहून सायकलवर डबलसीट बसवून तो मला ‘विजयानंद’ला न्यायचा, जुने चित्रपट पुन्हा लागायचे तेव्हा. ‘गंगा जमुना’ त्यानेच दाखवला. त्यात पोलीस झालेला धाकटा भाऊ नासिर खान, तो खऱ्या आयुष्यातही त्याचा भाऊच, हे मध्यंतरात सांगितलं. आणि म्हणाला, ‘तो बोलतो तेव्हा सगळेच बघतात. समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघ.’ मी आजही कुणाचंही काम तसंच बघते.

पुढे अण्णा तोफखान्यात भरती झाला. आमच्याकडे त्यात नवल नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी दाराशी, आर्टिलरी सेंटर नाशिकरोडला. लहानपणी फायरिंग सुरू झालं की फडताळातली भांडी वाजायची आणि आई नुसती म्हणायची, आज लवकर सुरू केलं यांनी.

आता १९९९. तुम्हाला सगळं आठवतंय, तेव्हा थोडक्यात. आदल्या वर्षी पाकिस्तानने दिलीपकुमारला निशान-ए-इम्तियाज हा तिकडचा मोठा नागरी सन्मान दिला होता. कारगिल पेटलं आणि तो परत कर अशी मागणी सुरू झाली. तो पंतप्रधान वाजपेयींना भेटून आला. त्याच्या देशप्रेमाबद्दल शंका नाही, असं वाजपेयी म्हणाले. त्याने परत केला नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली पोरं एका संध्याकाळी दाराशी आली. पुढे होता माझाच एक विद्यार्थी. ‘बाई, तो फोटो काढा. तुमचा स्वतःचा भाऊ तिकडे आहे.’ मी काढला नाही. वर त्याला दारातच सुनावलं, की भाऊ माझा आहे, तू काळजी करू नकोस. ते ऐकून यजमान दोन दिवस माझ्याशी तोडून बोलत होते. गल्लीत राहायचं आहे आपल्याला, एवढंच त्यांचं म्हणणं.

तेव्हा मी काय काय बोलत होते! कलावंताला देश नसतो, हे माझं लाडकं वाक्य. आज त्या बाईला मी गप्प बसवलं असतं. देश नसता तर भांडण कशाचं होतं? त्याला देश होता, गाव होतं, गावात कबरी होत्या, म्हणून तर त्याला विचारणं एवढं झोंबणारं होतं. माझ्या शेजाऱ्याला वर्षातून एकदा कागद दाखव म्हणायचं आणि मला कधीच नाही, हा त्यातला अन्याय. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर पोरांना पटलं असतं असंही नाही.

अण्णा रजेवर आला तेव्हा गणपती उठून गेले होते. कारगिलजवळच्या द्रासच्या बाजूला होता तो, बोफोर्स तोफेवर. वाळला होता, चेहरा रापून काळा पडला होता, आणि डाव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. आमच्याकडे जेवायला बोलावला. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी. बाहेरच्या खोलीत पानं मांडली. पंख्याखालची चांगली जागा त्याला दिली होती. तिथे बसलं की फोटो नेमका समोर येतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं म्हणण्यात अर्थ नाही. मला बघायचं होतं.

तो बसला. वर बघितलं. मग ताट उचललं, पाण्याचा तांब्या उचलला आणि पलीकडे जाऊन त्या भिंतीला पाठ करून बसला. ती जागा स्वयंपाकघराच्या वाटेतच होती. वाढायला जाताना प्रत्येक वेळी मला त्याला वळसा घालून जावं लागत होतं. कुणी काही बोललं नाही. पोरं खाली मान घालून जेवत होती.

दुसरी भाकरी मोडताना त्याने विचारलं, ‘परत नाहीच ना केलं त्याने?’

आणि मी सुरू झाले. मोरारजी देसाईंना १९९० मध्ये निशान-ए-पाकिस्तान दिलं होतं, ते देशद्रोही का? वाजपेयी काय म्हणाले ते वाचलंस का? दिला तेव्हा तर कुणी काही बोललं नव्हतं! सगळं पाठच होतं, गल्लीत वापरून वापरून. पण अण्णाला ऐकू येत नव्हतं. तो मध्येच ‘काय?’ म्हणायचा, आणि तेच वाक्य मला पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणावं लागायचं. द्रासहून आलेल्या सख्ख्या भावाच्या समोर बसून मी ‘मोरारजी देसाई! मोरारजी!’ असं केकाटत होते. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. दुसऱ्या दिवशी नळावर एकीने विचारलं, भावाबहिणीचं शेताच्या वाटणीवरून काही झालं का?

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तू वकीलपत्र घेतलंयस त्याचं. मला कायदा नको सांगू. तुला काहीच वाटलं नाही? एवढंच सांग.’

मी ‘वाटलं’ म्हणाले. पण हळू म्हणाले. आणि तेव्हा मी वाढायला वाकले होते, त्याच्या डाव्या बाजूला.

त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्याने ‘काय?’ विचारलं नाही. भात मागितला. मीही पुन्हा म्हणाले नाही. पोरं होती, यजमान होते, खिडक्या उघड्या होत्या. ‘वाटलं’ हे मोठ्याने म्हटलं असतं तर ते अण्णापुरतं राहिलं नसतं. गल्लीने ते उचललं असतं आणि फोटो उतरवायला दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आली असती. हे माझं समर्थन आहे, आणि ते मला आजही बऱ्यापैकी मजबूत वाटतं. रात्री कधीतरी नाही वाटत.

नेमकं काय वाटलं होतं, असं विचाराल. त्याने परत करावा असं वाटलं नव्हतं. त्या मागणीत जी दमदाटी होती तिच्यापुढे तो वाकू नये, असंच वाटत होतं. पण अण्णा तिकडे असताना रोज सकाळी पेपर उघडून आधी जखमींच्या बातम्या आणि मग याच्या बातम्या वाचायच्या, यात कुठेतरी त्याचा राग यायचा. तो राग अन्यायाचा होता, हे तेव्हाही कळत होतं. कळल्याने राग जात नाही. बरं, फोटो मी त्याच्या प्रेमाने ठेवला, की ‘काढा’ म्हणाले म्हणून ठेवला? यजमानांचं मत दुसरं आहे. ते मला ओळखतात.

त्यानंतर अण्णा पुष्कळदा आला. भांडण असं नव्हतंच. राखीला यायचा, निवृत्त झाल्यावर तर उठसूट यायचा. दर वेळी त्या भिंतीला पाठ करून, वाटेतच बसायचा. पुढे पुढे मी पानच तिथे मांडू लागले. चित्रपटांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

आता शोकसभा. संयोजक होता तो दारात आलेला विद्यार्थी. पोटाला आणि डोक्याला वय झालेलं, दिलीपकुमारचं खरं नाव घेऊन ‘आपल्या देवळालीचा युसुफ’ म्हणताना डोळ्यात पाणी. नाटक नव्हतं ते. माणूस बदलतो, बदलावा म्हणूनच तर आम्ही शाळेत खडू झिजवले. तरी मला वाटलं, याने एकदा तरी ती संध्याकाळ काढावी. काढली नाही. कदाचित विसरला असेल. माझ्याकडून त्याला सांगायचं होतं का? शोकसभेत? दिलीपकुमार गेला त्या दिवशी त्याला शासकीय इतमामात, तिरंग्यात गुंडाळून जुहूच्या कब्रस्तानात नेलं होतं. त्यानंतर १९९९ काढणारी मी एकटी कडू म्हातारी ठरले असते.

आणि नुसत्या कौतुकाचं बोलायचं, तर अण्णाला वगळून बोलावं लागलं असतं. ‘विजयानंद’, सायकल, ‘गंगा जमुना’, सगळं त्याचं. ते सांगायचं आणि पाठ करून बसलेला माणूस सांगायचा नाही? आणि तो सांगितला असता तर सभेने लगेच निवाडा केला असता. एक बाजू म्हणाली असती अण्णा बरोबर, दुसरी म्हणाली असती बिचारा, समजलं नाही त्याला. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं. म्हणून बसून राहिले. यात मोठेपणा नाही, आणि तुम्ही समजता तसा रुसवाही नाही.

मध्यंतरी वहिनींना विचारलं, निवृत्तीनंतर घरी अण्णा त्याचे चित्रपट बघायचा का? त्या म्हणाल्या, ‘बघायचे की. दुपारी टीव्हीवर लागला की आवाज मोठा करून बघायचे.’ भाचा शेजारीच होता. तो म्हणाला, ‘छे, बाबा चॅनल बदलायचे.’ दोघं माझ्यासमोरच वाद घालू लागले. भाचा दुपारी घरी नसायचा, कामावर असायचा, तेव्हा साक्ष वहिनींची धरायला हवी. पण मला बरं वाटेल ते बोलायची वहिनींना पहिल्यापासून सवय आहे.