बर्किनची एकआसनी बेंटली : धावपट्टी संपल्यानंतरचे आयुष्य

शर्यतीच्या जुन्या गाड्यांचा इतिहास वाचताना मला एक प्रश्न कायम पडतो. एखादी गाडी ज्या एका धावपट्टीसाठी घडवली गेली ती धावपट्टीच कायमची बंद पडली, तर त्या गाडीने पुढे जगायचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर मला ब्रिटिश शर्यतपटू सर हेन्री ‘टिम’ बर्किन यांच्या एकआसनी ‘ब्लोअर’ बेंटलीच्या इतिहासात सापडते. तो इतिहास तिच्या वेगाच्या विक्रमापाशी थांबवून सांगण्याची पद्धत मला अपुरी वाटते, कारण त्यातला खरा मोलाचा भाग विक्रमानंतर सुरू होतो.

बेंटलीच्या साडेचार लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबाने आत ढकलणारे यंत्र (‘ब्लोअर’), जोडावा, हा बर्किन यांचा आग्रह होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला सक्त विरोध होता. वेग वाढवायचा तर इंजिन मोठे करावे, त्यात जबरदस्तीने हवा कोंबू नये, असे त्यांचे मत होते. परंतु कंपनीची आर्थिक सूत्रे वुल्फ बार्नाटो यांच्या हाती होती आणि त्यांनी बर्किन यांना संमती दिली. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरण्यासाठी अशा पन्नास गाड्या तयार होणे आवश्यक होते, त्यामुळे कंपनीला त्या बनवाव्या लागल्या. बर्किन यांनी वेलविन गार्डन सिटी येथे स्वतंत्र कार्यशाळा काढली आणि त्यांचे पैसे संपत आल्यावर डोरोथी पॅजेट ही श्रीमंत तरुणी पाठीशी उभी राहिली. ‘गोल्डन मिलर’ या विख्यात घोड्याची मालकीण म्हणून पुढे नावारूपाला आलेली पॅजेट ती हीच.

अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याने आखलेला सुपरचार्जर या गाडीत कुठे बसवला आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. तो बॉनेटखाली नाही. रेडिएटरच्याही पुढे, चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दोन टोकांच्या मधोमध तो उघड्यावर बसलेला दिसतो आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरून थेट फिरतो. त्याच्या धातूच्या कवचात दोन पाती एकमेकींना न शिवता फिरतात आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबाने इंजिनाकडे ढकलतात. गाडीची शक्ती यामुळे कितीतरी वाढली, पण इंधनाची भूक आणि इंजिनावरचा ताणही त्याच प्रमाणात वाढला. १९३० च्या ल मान्सला उतरलेल्या बर्किन यांच्या दोन्ही ब्लोअर गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. जिंकली ती बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांची सुपरचार्जर नसलेली, मोठ्या इंजिनाची बेंटली ‘स्पीड सिक्स’. चोवीस तासांच्या शर्यतीपुरते डब्ल्यू. ओ. यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर ठरले, हे बर्किन यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे.

एकआसनी गाडीचे क्षेत्र मात्र वेगळे होते. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील ब्रुकलँड्स ही १९०७ साली उघडलेली काँक्रीटची धावपट्टी म्हणजे सुमारे साडेचार किलोमीटरचे वर्तुळ. तिची वळणे भिंतीसारखी उभी चढलेली आणि पृष्ठभाग वर्षानुवर्षांच्या खचण्यामुळे उंचसखल झालेला. येथील अनेक शर्यतींत दोनचार फेऱ्यांत सारा निकाल लागत असे, आणि नेमकी तेवढ्याच वेळात ही गाडी आपली सगळी ताकद दाखवू शकत होती. १९२९ च्या पाचशे मैलांच्या शर्यतीत एक्झॉस्टमुळे, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या नळीमुळे, तिच्या कापडी बॉडीने पेट घेतला, तेव्हा तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी चढवण्यात आली. १९३० साली बर्किन यांनी ताशी १३५.३३ मैलांचा फेरीविक्रम केला. के डॉन या दुसऱ्या शर्यतपटूने तो मोडल्यावर २४ मार्च १९३२ रोजी बर्किन यांनी १३७.९६ मैल, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेग गाठून तो परत मिळवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शर्यतपटू जॉन कॉब यांच्या साडेदहा लिटरच्या डेलाज गाडीशी झालेल्या समोरासमोरच्या लढतीत या बेंटलीने एक पंचमांश सेकंदाने बाजी मारली. निम्म्याहून लहान इंजिनाने मिळवलेला हा विजय मला विक्रमापेक्षाही मोठा वाटतो.

१९३३ च्या मे महिन्यात ट्रिपोली येथील शर्यतीत बर्किन यांचा हात तापलेल्या एक्झॉस्टला भाजला आणि जूनमध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पॅजेट यांनी इतर गाड्यांचा पसारा आधीच आवरला होता, पण ही एक गाडी त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि १९३९ साली ती पीटर रॉबर्टसन-रॉजर यांना विकली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, ब्रुकलँड्सवरील शर्यती थांबल्या, धावपट्टीचा परिसर विमानांच्या कारखान्यांनी व्यापला आणि तेथे पुन्हा कधीच शर्यत झाली नाही.

रॉबर्टसन-रॉजर यांनी पुढे गाडीवरून एकआसनी बॉडी उतरवली आणि रस्त्यावर चालवता येईल अशी दोनआसनी बॉडी चढवून घेतली. याला विटंबना म्हणण्याचा मोह होतो, पण मला तो न्याय्य वाटत नाही. जिच्यासाठी ती बांधली होती ती धावपट्टीच उरली नव्हती. रस्त्यावर आणली नसती, तर ती एखाद्या शेडमध्ये गंजत पडली असती. महत्त्वाचे म्हणजे उतरवलेली बॉडी त्यांनी मोडीत काढली नाही. त्या काळात जुन्या शर्यतीच्या गाडीच्या पत्र्याला भंगारापलीकडे फारशी किंमत नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या एका निर्णयाचे मोल कळते. पुढे तीच बॉडी पुन्हा चॅसिसवर बसू शकली. छायाचित्रांवरून नवा पत्रा ठोकून केलेली प्रतिकृती आणि हे पुनर्जुळवणीचे काम यांत मूलभूत फरक आहे.

नंतरच्या मालकांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे जॉर्ज डॅनियल्स. विसाव्या शतकातील श्रेष्ठ घड्याळजींमध्ये त्यांची गणना होते. त्यांनी शोधलेली को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंट (घड्याळाच्या चाकांची गती ठोक्याठोक्याने सोडणारी रचना) ओमेगा कंपनीने १९९९ पासून आपल्या घड्याळांत वापरली. घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने घडवणाऱ्या माणसाकडे हे यंत्र आले, यापेक्षा चांगला योग मला सुचत नाही. आणि जुन्या गाड्या केवळ काचेआड ठेवण्याची त्यांची वृत्ती नव्हती. ते त्या चालवत.

२०११ साली डॅनियल्स यांचे निधन झाल्यावर जून २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुड येथे बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने गाडीचा लिलाव केला. तिला पन्नास लाख पौंडांहून थोडी अधिक किंमत आली. डॅनियल्स यांच्या संग्रहाच्या विक्रीतून उभा राहिलेला पैसा त्यांच्या नावाच्या शैक्षणिक न्यासाकडे गेला. घड्याळनिर्मिती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा न्यास साहाय्य करतो.