बेंचशिवाय व्यायाम

आज भाचा म्हणाला, "मामा, बेंच घेतला की घरी व्यायाम सुरू करणार." मी त्याला तिथंच सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे वाकवून, दोन्ही हातांत डंबेल. दंड जमिनीला टेकले की क्षणभर थांबायचं आणि मग वर ढकलायचं. कोपरं त्याखाली जातच नाहीत, त्यामुळे खांद्यावर ताण कमी येतो आणि ट्रायसेप्सना, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूंना, चांगलं काम मिळतं. छाती मात्र पुरती ताणली जात नाही. त्यासाठी पाय जिन्याच्या पायरीवर ठेवून जोर मारायचे. भार छातीच्या वरच्या भागावर आणि खांद्यांवर येतो. चौथ्या जोरालाच पोराचे दंड थरथरायला लागले!

हिप थ्रस्टला, म्हणजे पाठीचा वरचा भाग टेकवून कंबर वर उचलायच्या व्यायामाला, दिवाण चालतो, पण भिंतीला टेकवलेला हवा, नाहीतर सरकतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर वजन घेऊन आडवं होऊ नका, कळकळीनं सांगतो.

आपल्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, व्यायामगुरू प्रो. माणिकरावांची परंपरा आहे. जोर, बैठका, मल्लखांब यांवर इथं पिढ्या घडल्या. नव्या पोरांनी एकदा तरी तिथं जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. भाच्याला रविवारी नेतोय. कुणाला यायचं असेल तर कळवा.