तुम्ही विचारलंत म्हणून: शॉकअपमध्ये जाड तेल टाकू का?

"ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते. पुढच्या शॉकअपमध्ये जाड तेल टाकलं तर कडक होतील ना?" हे विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तेलाची बाटली आधीच आणलेली असते. ती बाजूला ठेवा आणि मोजायची टेप घ्या.

रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 धरून बोलू. 41 मिमीचे साधे फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, 130 मिमी हालचाल. आत एक स्प्रिंग, तेल आणि भोकं पाडलेली एक नळी, म्हणजे डॅम्पर रॉड. वजन पेलते स्प्रिंग. तेल फक्त हालचालीचा वेग आवरतं. घाटात उतरताना ब्रेक दोन-तीन सेकंद धरला, तर तेल कितीही जाड असो, शॉकअप शेवटी स्प्रिंग नेईल तिथेच जाऊन बसणार. जाड तेलाने फक्त थोडा उशीर होतो. शिवाय भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ब्रेकची हालचाल सावकाश असते, तिथे जाड तेल फारसं काही करत नाही. खड्ड्याची कड मात्र झटक्यात येते, आणि तिथे तेच तेल दगडासारखं अडतं. म्हणजे बसणं थांबत नाही आणि मनगटं दुखायला लागतात. त्यातच रंबलरच्या पट्ट्यांवरून जाताना शॉकअप परत वर यायच्या आत पुढची पट्टी येते, आणि पाचव्या पट्टीपर्यंत ते अर्धे आत गेलेले असतात.

म्हणून आधी सॅग मोजा, म्हणजे वजनाने शॉकअप किती बसतात ते. गाडी डबल स्टँडवर लावा, मागून कोणी दाबलं की पुढचं चाक अधांतरी येईल. खालच्या टीच्या (दोन्ही फोर्क धरून ठेवणाऱ्या आडव्या पकडीच्या) कडेपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी जमिनीवर उभी करून, हेल्मेट-जॅकेटसकट बसून, मागून कोणाला तरी धरायला सांगून तेच अंतर पुन्हा मोजा. एकदा हँडल दाबून हळू सोडल्यावर आणि एकदा उचलून हळू सोडल्यावर, दोन्हींची सरासरी. दाबून आणि उचलून घेतलेल्या या दोन मापांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक आला तर दोष स्प्रिंगचा नाही. फोर्कचा पाइप वाकलाय किंवा एक्सल आवळताना फोर्क तिरके ओढले गेलेत.

चाक अधांतरी असतानाच्या मापातून ही सरासरी वजा केली की बसणं मिळतं. ते 35 ते 42 मिमी असेल तर ठीक. 50 आलं तर स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर बसणारी नळी, 10-12 मिमीने लांब करा. जाड पीव्हीसी पाइप चालतो, पण टोकं काटकोनात कापलेली हवीत आणि स्प्रिंग व पाइपमध्ये पोलादी वॉशर हवा. काही मिस्त्री नाणी टाकतात. नाणी झिजतात आणि तो चुरा तेलात फिरतो. आणि एक गैरसमज: स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त तेवढी वर उभी राहते. ब्रेकला जितकी बसायची तितकीच बसते, सुरुवात तेवढी वरून होते.

स्प्रिंगच मऊ आहे हे ओळखायचं कसं? तुम्ही बसल्यावर सॅग बरोबर येतो, पण गाडी एकटी उभी असताना 20 मिमीसुद्धा बसत नाही, आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना वरच्या टोकाला 'टक्क' वाजतं. मग स्प्रिंगच बदला. कापण्याचा उपायही आहे: 40 मोकळ्या वेढ्यांतले 4 कापले तर कडकपणा साधारण 11 टक्के वाढतो, कापलेली लांबी स्पेसरने भरून काढायची. पण उरलेले वेढे पूर्ण दाबाला एकमेकांवर बसत नाहीत ना, हे आधी मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही.

तेलाचं काम शेवटी. मॅन्युअलमध्ये असेल तोच ग्रेड घ्या. फार तर एक पायरी जाड. बाटलीवरच्या 10डब्ल्यूवर विसंबू नका, एका कंपनीचं 10 दुसरीच्या 15 इतकं निघतं. 40 अंशांवरचा सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) आकडा पाहा. इंजिनचं 20डब्ल्यू-40 ओतू नका, ते निदान दुप्पट घट्ट असतं.

क्रम असा. चाक काढण्याआधी, गाडी जमिनीवर असताना वरच्या टीचा बोल्ट सैल करा, मग फोर्कची टोपी थोडी ढिली करा. पूर्ण खोलताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग टोपी उडवते. तळाचा ॲलन बोल्ट काढायचा असेल तर स्प्रिंग आत असतानाच ढिला करा, नाहीतर डॅम्पर रॉडही सोबत फिरत बसतो. त्याचा तांब्याचा वॉशर नवा घाला. तेल ओतून दहा-बारा वेळा पंप करा, बुडबुडे बसू द्या. मग स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला ठेवून वरच्या कडेपासून तेलापर्यंतची पोकळी मोजा. दोन्ही बाजूंना सारखी हवी. ब्रेकला फोर्क तळाला जाऊन ठोका बसत असेल तर ही पोकळी 10 मिमीने कमी करा. 41 मिमी पाइपला त्यासाठी साधारण 11 मिलिलिटर तेल लागतं. वर कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते. मात्र हाव केली तर सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, फुटतं.

2024 च्या केटीएम 390 ड्यूकसारख्या क्लिकवाल्या फोर्कला तेलाचा विरोध बदलायला हे सगळं खोलावं लागत नाही, बाहेरूनच फिरवायची सोय असते. पूर्ण बंद करून क्लिक मोजत परत या, एका वेळी एकच.

नवं सील चार महिन्यांत पुन्हा गळलं तर सीलवाल्याला शिव्या देऊ नका. फोर्कच्या पाइपवरून नख फिरवून पाहा. कोकणातल्या गाड्यांना खाऱ्या हवेने बारीक गंजाचे खड्डे पडलेले असतात, त्यांची धार सील कापते. नख अडकलं तर पाइप बदला.